एका रोलची तीन कोटेशनं

दात काढून घ्यायला मालनवहिनींची ना नव्हती. अट एवढीच होती की त्याआधी त्यांचा एक फोटो निघाला पाहिजे, आणि तो नंदकुमारांनीच काढला पाहिजे.

ही अट त्यांनी मुलुंड पूर्वेला डॉक्टर धवलच्या खुर्चीत आडवं पडून, तोंडात आरसा असताना घातली. त्यामुळे डॉक्टरांना ती ‘आ’ एवढीच ऐकू आली आणि त्यांनी पुढल्या शनिवारची वेळ लिहून दिली. घरी आल्यावर, तोंड मोकळं झाल्यावर, वहिनींनी ती पुन्हा घातली.

वहिनींचं वय ऐंशी. वरच्या हिरडीत समोरचे दोन दात तेवढे उरले होते आणि तेही आता गणपतीच्या मंडपातल्या बांबूसारखे हलत होते. मुळाशी पू झाला होता. ते काढायचे, हिरडी भरली की कवळी बसवायची, असा डॉक्टरांचा बेत. बेतात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण हॉलच्या भिंतीवर मधुकरदादांचा फोटो होता.

मधुकरदादा म्हणजे नंदकुमारांचे थोरले भाऊ, पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना जाऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली. फोटो कृष्णधवल आणि काढलेला नंदकुमारांनीच, दादांनीच त्यांना घेऊन दिलेल्या जपानी कॅमेऱ्याने. त्या कॅमेऱ्याची खिडकी भिंगापासून वेगळी असल्यामुळे भिंगावर टोपण तसंच राहिलं तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नसे. नंदकुमार तेव्हा एक डोळा मिटून, श्वास रोखून, टोपणासकट फोटो काढायला बसले होते. दादांना हसू फुटलं. टोपण काढेपर्यंत ते थांबलं नाही, आणि त्याच हसण्याचा फोटो आला. पुढे आठ महिन्यांनी भिंतीवर लावायची वेळ आली तेव्हा घरात दुसरा फोटोच नव्हता. असा हार घालून खळखळून हसणारा माणूस अख्ख्या सोसायटीत दुसरा नाही. नवीन माणूस घरी आला की आधी त्या फोटोकडे बघून हसतो, मग हार दिसतो, मग ओशाळतो.

“माझो फोटो त्येंच्या बाजूक लागतलो,” वहिनी म्हणाल्या. “ह्ये हसतत आणि मी तोंड मिटून बसलंय तर लोक म्हणतले, दोघां जल्मभर भांडली. माका हसूक होया. आणि ह्याच दातांनी. नवे दात ह्येंनी बघूक नाय. वर गेल्यार वळखूचे नाय माका.”

वहिनींना मूलबाळ झालं नाही. नंदकुमार दहा वर्षांचे असताना दादांनी त्यांना कोकणातून आणून वहिनींच्या पदरात टाकलं आणि वहिनींनी तो विषय तिथेच मिटवला. शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं त्या पदराखालूनच झालं. अशा बाईने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, तेही इतकं लहान. नंदकुमारांनी माळ्यावरून कॅमेरा काढला, पुसला, कळ दाबून पाहिली. कॅमेरा ‘खट्’ म्हणाला. दोघांनाही बरं वाटलं.

इतक्यात वरच्या मजल्यावरचा निलेश आला. निलेश संगणकात काम करतो आणि कुणाचीही अडचण त्याला सोसवत नाही. एवढ्यासाठी रोल कशाला, म्हणत त्याने मोबाईलवर वहिनींचा फोटो काढला, अंगठा दोनदा फिरवला आणि तो कृष्णधवल करून वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी चष्मा लावला. फोटो पाहिला. भिंतीवर पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला.

“बरो आसा,” त्या म्हणाल्या. “पण ह्येच्यातसून रंग काढून घेतल्यान. ह्येंच्या फोटोत घातललोच नव्हतो.”

निलेशने मोबाईल खिशात टाकला. नंदकुमारांना ते बोलणं फार आवडलं. रोल आणायचा ठरला. हातात आठ दिवस होते, आणि इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

घोटाळा असा की नंदकुमारांची चौतीस वर्षं विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात खरेदी खात्यात गेली होती. खरेदी खात्यातला माणूस निवृत्त होतो म्हणजे त्याला फक्त पगार मिळायचा थांबतो. ज्याने साधे खिळेसुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेतले नाहीत, तो माणूस दुकानात जाऊन वस्तू उचलून पैसे देऊन घरी येऊ शकत नाही. त्याचा हातच पुढे होत नाही. किमान तीन दर मागवायचे, शेजारीशेजारी मांडून तुलना तक्ता करायचा, सगळ्यात कमी दरवाल्याला ‘एल-वन’ म्हणायचं आणि वरिष्ठांची सही घेऊन त्याला ऑर्डर द्यायची. घरी कढईसुद्धा याच मार्गाने आली होती. सुहासिनीबाईंनी, म्हणजे नंदकुमारांच्या पत्नीने, लग्नानंतर काही वर्षं याला विरोध केला, आणि पुढे वरिष्ठांची सही आपलीच असते हे लक्षात आल्यावर सोडून दिला.

नंदकुमारांनी एक कोरा कागद घेतला, पट्टीने रकाने आखले आणि वर लिहिलं: कृष्णधवल फिल्म, पस्तीस मिलिमीटर, नग एक.

पहिली फेरी घाटकोपरला, केतनभाईंकडे. नंदकुमार तरुणपणी रोल इथूनच घेत. दुकान होतं, केतनभाईही होते, पण आता तिथे पासपोर्टचे फोटो निघत आणि कपावर, उशीवर, की-चेनवर नातवंडं छापून मिळत. नंदकुमारांनी पिशवीतून कॅमेरा काढला तसे केतनभाई उभे राहिले. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, भिंगावर फुंकर मारली, मऊ फडक्याने पुसला, कळ दाबून कानाशी धरला. मग चहा सांगितला. त्यांच्या वडिलांना असाच कॅमेरा होता. पाऊण तास कॅमेऱ्यांवर गप्पा झाल्या, तेवढ्यात उशीवर फोटो छापायला आलेलं एक गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं. शेवटी रोलची गोष्ट निघाली तेव्हा केतनभाईंनी मान हलवली. बारा-तेरा वर्षांपूर्वीच ठेवायचं बंद केलं होतं.

इथे कुणीही साधा माणूस नमस्कार करून उठला असता. पण खरेदीच्या नियमात, माल नाही असं पुरवठादाराने तोंडी सांगून चालत नाही, तसं लेखी यावं लागतं. नंदकुमारांनी ते नम्रपणे सांगितलं. केतनभाईंना वाटलं, हे सरकारी काम असावं. त्यांनी पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर ‘माल नाही, माफी असावी’ असं लिहिलं, सही केली, दुकानाचा शिक्का मारला आणि चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. पहिलं कोटेशन आलं.

दुसरी फेरी अंधेरीला. तिथलं दुकान मोठं, गारेगार, आणि आत सगळीकडे तोफेएवढाली भिंगं. काउंटरवरच्या दाढीवाल्या तरुणाने ‘अंकल’ म्हणून सुरुवात केली, हे नंदकुमारांनी सोसलं. इंग्लंडचा रोल, छत्तीस फोटोंचा, साडेअकराशे रुपये. नंदकुमारांनी शेवटचा रोल घेतला होता तो पंचावन्न रुपयांना. ते काही क्षण नुसतेच त्या तोफांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, हा दर किती दिवस ग्राह्य आहे. तरुण म्हणाला की दर डॉलरवर असतो, डॉलर आपल्या हातात नसतो, आणि शेवटचा रोल परवाच गेला. पुढचा माल आठवड्यात येईल, नाहीतर महिन्यात. नंदकुमारांनी वहीत लिहिलं: दर रु. ११५०, उपलब्धता अनिश्चित, वर्तणूक समाधानकारक.

पुढचे दोन दिवस सोसायटीत गेले. नंदकुमारांना कुणी काही विचारलं नव्हतं, पण हातात जुना कॅमेरा घेऊन जिना उतरणाऱ्या माणसाला मुंबईत सल्ला मागावा लागत नाही. तळमजल्यावरच्यांनी सांगितलं की रोल फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं की फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका. एका गृहस्थांनी तर खासगीत बाजूला घेऊन स्वतःचं मत दिलं की भिंतीवरचा फोटो माणसाने साठीच्या आत काढून ठेवावा, त्यांनी ठेवलाय, कपाटात आहे, बायकोला जागा दाखवून ठेवलीय, रोल आणलात तर त्यांचाही एक नवीन काढा. निलेशने संध्याकाळी खाली येऊन नंदकुमारांचा तक्ता संगणकावर करून दिला, त्यात रंग भरले आणि बेरीज आपोआप येईल अशी सोय केली. एकाच वस्तूची बेरीज कशाला, हे दोघांनाही सुचलं नाही. निलेशने ऑनलाइनही शोधलं. तिथे रोल दिसत होता, पण खाली लाल अक्षरांत ‘सध्या उपलब्ध नाही, आल्यावर कळवू’ असं होतं. सही-शिक्क्याशिवाय हे तक्त्यात कसं घ्यायचं, यावर नंदकुमारांनी एक संध्याकाळ विचार केला आणि घेतलं नाही.

शुक्रवारी बोरिवलीत एक बंद पडत आलेला स्टुडिओ सापडला. मालकाने खणाच्या तळातून एक रोल काढून दिला, अवघ्या दोनशेला. नंदकुमारांचा चेहरा उजळला. चष्मा वर करून डबीवरची तारीख वाचली. मुदत संपून पंधरा वर्षं झाली होती. मालकाचं म्हणणं, फोटो येतील, जरा धुकं असल्यासारखे येतील, माथेरानला काढलेत म्हणून सांगायचं. हा सरळसरळ एल-वन. पण खरेदीत दराआधी वस्तूची पात्रता बघतात, आणि पात्रतेत हा बाद. म्हणजे तीन कोटेशनांपैकी एक माफीपत्र, एक बिनमालाचं, एक बाद. तक्ता नियमात बसत नव्हता. आणि उद्या शनिवार.

त्यांनी बाहेरूनच घरी फोन केला आणि वहिनींना परिस्थिती समजावून सांगितली. वहिनी म्हणाल्या, काय हरकत नाय, डॉक्टराक पुढचो शनवार सांगूया. वहिनींच्या आवाजात घाई नव्हती, याचं नंदकुमारांना बरं वाटलं. खरेदी खात्याला असं समजूतदार गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं.

त्या आठवड्यात घरात काही बारीकसारीक बदल झाले. वहिनी भाकरीऐवजी पेज घेऊ लागल्या. नंदकुमारांनी मनात म्हटलं, चांगलं आहे, या वयात हलकंच खावं. वहिनी कमी बोलू लागल्या. तेही या वयात साहजिक. स्वयंपाकघरातून दिवसभर लवंगेचा वास येई. नंदकुमारांना वाटलं सुहासिनीने मसालेभात केलाय, आणि तो आपल्या पानात आला नाही याचं थोडं वाईट वाटलं. पण ते मानी असल्यामुळे बोलले नाहीत.

कारण त्यांचं लक्ष चारकोपला लागलं होतं. निलेशच्या ओळखीतून श्रुतिका नावाच्या एका मुलीचा नंबर मिळाला होता. ती शंभर फुटांचं लांबलचक रीळ मागवायची, अंधारात कापायची आणि जुन्या डब्यांत भरून रोल विकायची. चारशे ऐंशी रुपये, ताजा माल, धुऊन छापूनही देते. एल-वन म्हणावा असा एल-वन. नंदकुमारांनी फोनवर दर लेखी मागितला. तिने व्हॉइस मेसेज पाठवला. नंदकुमारांनी कळवलं की आवाज फाइलला लावता येत नाही. मग तिने दर एका चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. चिठ्ठीवर तारीख नव्हती. तारीख घालून घेण्यात बुधवार गेला. गुरुवारी श्रुतिकाने स्वतःहून फोन केला.

“काका, एक विचारू? फोटो कोणाचाय?”

नंदकुमारांनी सांगितलं. दातांचं सांगितलं, दादांचं सांगितलं, हसण्याचं सांगितलं.

“मग तुम्ही रेट काय बघत बसलाय यार काका?”

काकाला यार म्हणणंही नंदकुमारांनी सोसलं. शांतपणे त्यांनी तिला समजावलं की प्रश्न रकमेचा नसून पद्धतीचा असतो; पद्धत सोडली की माणूस काहीही विकत घेऊ लागतो. श्रुतिका ‘बरं’ म्हणाली. ज्या सुरात सुहासिनीबाई ‘बरं’ म्हणत, त्याच सुरात. हा सूर बायकांना कुठल्या वयात येतो, यावर नंदकुमारांनी थोडा विचार केला.

शुक्रवारी संध्याकाळी तक्ता पूर्ण झाला. चार पुरवठादार, सात रकाने, एक माफीपत्र जोडलेलं. तळाशी शिफारस: चारकोप. नंदकुमारांनी तो सुहासिनीबाईंपुढे सहीला ठेवला. त्या पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही न करता बाजूला ठेवला.

“वहिनी आठ दिवस पेज पितायत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दातात लवंग धरून बसतात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मंगळवारीच संपल्या. रात्री उशी तोंडात धरतात, कण्हणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.”

“मला कोणी सांगितलं का नाही?”

“मला शपथ घातली होती. म्हणाल्या, नंदू दिवसभर उन्हातून दमून येता, माझ्याच कामासाठी फिरता, त्येका कित्याक सांगूचा.”

नंदकुमार तक्त्याकडे बघत राहिले. निलेशने एल-वनचा रकाना हिरवा केला होता. तो फार उठून दिसत होता.

ते उठून आतल्या खोलीत गेले. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या होत्या की तसं दाखवत होत्या, कळायला मार्ग नव्हता. नंदकुमार दारात थोडा वेळ उभे राहिले. लहानपणी वहीत लाल शेरा मिळाला की ते असेच येऊन उभे राहत, आणि वहिनी न वळता विचारत, किती मिळाले. आज त्यांनी काही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी सातला नंदकुमार चारकोपला श्रुतिकाच्या दारात होते. ती दात घासत बाहेर आली. दर विचारला नाही, पावती मागितली नाही, दोन रोल घेतले. तिने एक रोल कॅमेऱ्यात भरून दिला. येताना त्यांनी रिक्षा केली. मुलुंडपर्यंत रिक्षा करणं ही त्यांच्या आयुष्यातली एक घटना होती, पण त्या दिवशी ती त्यांच्या लक्षात आली नाही.

घराला कुलूप होतं. पहाटे वहिनींचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता, असं शेजारून कळलं. नंदकुमार दवाखान्यात पोचले तेव्हा धवल डॉक्टर हात धूत होते.

“थांबणं शक्य नव्हतं, काका,” डॉक्टर म्हणाले. “ताप होता. मी आजींना दोनदा विचारलं, फोटोसाठीच तारीख पुढे ढकलली होती ना. त्यांनी मानेनेच सांगितलं, काढा.”

दोन्ही दात कापसात गुंडाळून एका छोट्या डबीत ठेवले होते. वहिनी बाकावर बसल्या होत्या, तोंडात कापूस, बाजूला सुहासिनीबाई. नंदकुमार गळ्यात कॅमेरा घेऊन समोर उभे. सगळं होतं. कॅमेरा होता, रोल होता, वहिनी होत्या, डबीत दातही होते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. तोंडातल्या कापसामुळे बोलता येईना, म्हणून त्यांनी हात लांब करून नंदकुमारांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

नंदकुमार सदुसष्ट वर्षांचे आहेत. दवाखान्यात आणखी तीन पेशंट होते. त्यांनी भिंतीवरचा दात कसे घासावेत याचा तक्ता फार बारकाईने वाचायला घेतला.

सूज उतरायला आठ दिवस गेले. फोटोचं नाव कुणी काढेना. नंदकुमार तर त्या भिंतीसमोरून जाताना खाली बघून जात. शेवटी एका रविवारी सकाळी वहिनी स्वतःच लुगडं बदलून, केस विंचरून, ठसठशीत कुंकवाच्या जागी बारीकशी काळी टिकली लावून गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या.

नंदकुमार म्हणाले, कवळी येईपर्यंत थांबू या का? वहिनींनी मानेनेच नाही म्हटलं. डबीतले दात हातात घेऊन बसू, असंही त्यांनी सुचवलं नाही. त्या ओठ गच्च मिटून कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. आधार कार्डावर त्या अशाच आहेत. नंदकुमारांनी कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं. कळीवर बोट ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं.

“वहिनी, माझं चुकलं.”

“इतके दिस तू करी काय होतस, ता माका सांग.” बोळकं उघडं पडू नये म्हणून वहिनी ओठांतल्या ओठांत बोलल्या.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. नंदकुमारांनी सांगायला सुरुवात केली. केतनभाईंकडून ‘माल नाही’ हे शिक्क्यासकट लेखी घेतलं, ते सांगितलं. कशावर, असं वहिनींनी विचारलं. पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर. अंधेरीच्या मुलाला डॉलरचा दर किती दिवस ग्राह्य आहे हे विचारलं, ते सांगितलं. माथेरानचं धुकं सांगितलं. चारकोपच्या चिठ्ठीवर तारीख नव्हती म्हणून एक अख्खा दिवस घालवला, तेही सांगितलं. कबुलीजबाब देत होते ते. पण वहिनींचे खांदे हलू लागले होते. पाकिटावर शिक्का, असं त्या पुटपुटल्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मान खाली गेली, आणि वर आली तेव्हा पदराचं टोक तोंडावर होतं आणि पदरामागे त्या हसत होत्या. डोळे पार मिटले होते, कपाळावरची टिकली सुरकुत्यांत शिरली होती.

नंदकुमारांनी कळ दाबली.

आणि दाबताना त्यांच्या लक्षात आलं की वहिनींना त्यांनी दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने हसताना कधी पाहिलंच नव्हतं. घरात सासरे होते तेव्हापासूनची सवय. मोठ्यांपुढे दात दाखवून हसायचं नाही म्हणून पदर वर गेला, आणि सासरे गेल्यावरही तो हात खाली यायला विसरला. मधुकरदादा बायकोला हसवण्यात पटाईत होते. पण त्यांनाही त्या घरात उभ्या आयुष्यात दिसला तो हा पदर, हे मिटलेले डोळे आणि हे हलणारे खांदे. हसतानाचे दात त्यांनीही कधी पाहिले नसावेत.

ते वहिनींना सांगावं की नाही, याचा ते विचार करत होते. आठ दिवसांच्या लवंगा आठवल्या आणि त्यांनी नाही सांगितलं.

“झालो?” वहिनींनी डोळे पुसत विचारलं.

“झाला. सुंदर आलाय.”

“अजून किती रवले त्येच्यात?”

“पस्तीस.”

“मगे तू बस हंय. मी काढतंय.”

नंदकुमार हसले. वहिनींनी कॅमेऱ्याला आजवर हात लावला नव्हता. वहिनी, माझ्या फोटोची एवढ्यात काय घाई आहे, असं ते म्हणाले.

“तुझ्या दादाचो काढलस तेवा खंय घाई होती?”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होईना. सुहासिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. नंदकुमार खुर्चीवर जाऊन बसले. वहिनींनी कॅमेरा उलटा धरला, सुहासिनीबाईंनी सुलटा करून दिला. मग वहिनींनी मिटायचा तो डोळा उघडा ठेवला आणि उघडायचा तो मिटला, आणि म्हणाल्या की काय दिसत नाय. डोळे बदलले. आता नंदू दिसतो, पण फार लांब गेलाय. नंदकुमारांनी खुर्ची पुढे घेतली. वहिनींनी पोट आत घ्यायला सांगितलं. घेतलं. अजून घे म्हणाल्या. अजून नव्हतं. सुहासिनीबाई म्हणाल्या, वहिनी, जे आहे ते येऊ दे, एवढी वर्षं मी बघतेच आहे. नंदकुमार रागावायच्या बेतात होते, पण वहिनींनी ‘हलू नको रे’ म्हणून असा दम दिला की त्यांना एकदम दहा वर्षांचा झाल्यासारखं वाटलं, आणि हसू आलं. तेवढ्यात ‘खट्’ झालं.

श्रुतिकाने दोन्ही फोटो मोठे करून आणून दिले, स्वतः मुलुंडला येऊन. वहिनींचा सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. पदरामागचं हसणं भिंतीवरच्या हसण्याशेजारी धरल्यावर दोघं एकाच गोष्टीला हसतायत असं वाटत होतं. तो आत्ताच लावायचा नाही म्हणून वहिनींनी लुगड्यांच्या घडीत ठेवून दिला आणि कपाटाची किल्ली सुहासिनीबाईंना दाखवून ठेवली.

मग नंदकुमारांचा निघाला. शर्टाची बटणं एकूण एक स्पष्ट आली होती. पोट जसं होतं तसं आलं होतं. चेहरा भुवयांपर्यंत हसत होता आणि भुवयांच्या वर फोटो संपला होता. कपाळ, केस, काही नाही. बाजूला सुहासिनीबाईंचं कोपर तेवढं आलं होतं. श्रुतिका अडखळत म्हणाली की दुसरा रोल आहेच, पुन्हा काढता येईल. नंदकुमारांनाही तसंच वाटत होतं. सुहासिनीबाई मात्र फोटो हातातून सोडेनात. लग्न झाल्यापासून यांचा बरा म्हणावा असा हा पहिलाच आलाय, असं त्यांचं म्हणणं.

निकाल वहिनींकडे गेला. त्यांनी चष्मा लावला आणि फोटो लांब धरून बराच वेळ पाहिला.

“ऱ्हवांदे तसोच,” त्या म्हणाल्या. “कपाळाच्या पाठी काय आसा, ता आमका ठावक आसा.”